पलीकडे पाव पोचवणारी फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. फळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे डबे-बरण्या अंगावर घेऊन भिंतीला मुकाट चिकटून राहिलेली फळी येईल. तसली मी नव्हे. मला लांबलचक दांडा आहे आणि माझा जन्म भट्टीत पाव सरकवण्यासाठी झाला. माझ्या पात्याच्या कडेला काळा डाग दिसतो, तो आगीचा. दांड्याचा रंग विटला आहे, तो मात्र आगीने नव्हे, व्हिनेगरने. भट्टीतल्या फळीचा व्हिनेगरशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तेच तर सांगायचे आहे.

सध्या माझा मुक्काम माल्टा बेटावर, ओर्मी गावातल्या एका स्वयंपाकघरात आहे. मला खुंटीला टांगले आहे. घरातली मुले येता-जाता माझ्या दांड्याला लोंबकळतात आणि कुणीतरी त्यांच्यावर खेकसते. मला मात्र ते बरे वाटते. याआधी कितीतरी वर्षे मी बंदरावरच्या एका बंद कोठारात पडून होते. तिथे कबुतरांशिवाय माझी चौकशी करणारे कुणी नव्हते, आणि कबुतरांची चौकशी कशी असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. ते दिवस आठवले की मला आजही घासून धुऊन घ्यावेसे वाटते.

आमच्या बेटावर दगडाला तोटा नाही, पण लाकूड म्हणाल तर ते समुद्रातूनच यायचे. म्हणून माझे पाते एका फुटलेल्या जहाजाच्या तक्त्याचे आणि दांडा एका होडीच्या वल्ह्याचा. आगीत जाण्याआधी मी पाण्यात होते, असे सांगणारी दुसरी फळी कुठे भेटली तर मला जरूर कळवा. मला थोडा गर्व आहे, तो तेवढा सोसून घ्या.

माझा पहिला धनी ग्रेत्सु. ओर्मीत घरटी एक भट्टी असायची, पण ग्रेत्सुचा पाव शहरापर्यंत जायचा. बाहेरून कडक, आतून मऊ, आणि वर ऑलिव्हचे तेल ओतले की खाणारा बोलायचा थांबायचा. ग्रेत्सुचा स्वभावही त्याच्या पावासारखाच होता. पहाटे तो पिठाशी गप्पा मारायचा, मला मैद्याने पुसायचा आणि बायकोला सांगायचा, "ही फळी माझा तिसरा हात आहे गं." बायको म्हणायची, "आधीचे दोन तरी कुठे घरकाम करतात?"

मग प्लेगची मोठी साथ आली. बेटावर इंग्रजांचे राज्य नुकतेच बसले होते. माणसे पटापट मरू लागली आणि आमच्या गावात तर ती इतकी मेली की सरकारने गावाभोवती भिंत घातली. दारे बंद, गल्ल्या ओस. पण पोटाला साथ कळत नाही. ग्रेत्सुने भट्टी चालू ठेवली. तो खिडकीत उभा राहून माझ्यावर पाव ठेवायचा आणि मला अरुंद गल्लीपलीकडे समोरच्या खिडकीत न्यायचा. माझे दुसरे काम मी तेव्हा शिकले.

समोरच्या घरात स्पिरु नावाचा तरुण गवंडी राहायचा. त्याचे आई, बाप आणि बहीण एकामागून एक गेले. तो एकटा उरला. ग्रेत्सु रोज खिडकीतून हाक मारायचा, "स्पिरु, मेलास का रे?"

"अजून नाही, ग्रेत्सुकाका."

"मग पाव घे."

हे रोज चालायचे. बाहेरच्या कुणाला हा निर्दय विनोद वाटला असता, पण मी मधे होते. पाव उचलल्यावरही त्या पोराचा हात माझ्या पात्यावर कसा रेंगाळायचा आणि उत्तर ऐकल्यावर ग्रेत्सु कसा सुस्कारा टाकायचा, हे दोन्ही मला कळत होते. त्या खिडकीमागचा पोरगा साथीतून जिवंत बाहेर आला. माझ्या आयुष्यातले ते पहिले मोठे समाधान.

पुढे स्पिरुने गवंडीकाम सोडले आणि तो लाझारेटोत पहारेकरी झाला. शहरासमोरच्या लहानशा बेटावरची ती मोठी इमारत. बाहेरची साथ शहरात शिरू नये म्हणून पूर्वेकडून येणारे प्रत्येक जहाज पिवळे निशाण लावून तिच्यापुढे नांगर टाकायचे आणि जहाजावरची माणसे मुदत संपेपर्यंत तिथेच अडकून पडायची. नोकरी लागल्याबरोबर स्पिरु ग्रेत्सुकडे आला.

"काका, ही फळी मला द्या."

"आणि मी पाव काय तुझ्या डोक्यावर भाजू?"

"तिथं माणसं आहेत हो काका, कठड्यापलीकडं. भाकरतुकडा द्यायचा तर हात पुरत नाही."

ग्रेत्सुने हातावरचे पीठ झटकले. मग त्याने मला मैद्याने शेवटचे पुसले आणि स्पिरुच्या खांद्यावर ठेवले.

लाझारेटोत भेटीची एक लांब ओसरी होती. तिला दोन कठडे होते, एक आतल्या माणसांसाठी, एक बाहेरच्या. दोन्हींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात पहारेकरी फिरायचा. नातेवाईक अलीकडून ओरडायचे, खलाशी पलीकडून ओरडायचे, आणि माझ्यावरून पाव, चीज, अंजिरे पलीकडे जायची. परत आले की मला व्हिनेगरची आंघोळ.

तिथला सगळा संसार एका नियमावर चालायचा. लाकूड, लोखंड, काच, अंड्याचे कवच हे साथ धरत नाहीत. कापूस, लोकर, रेशीम, केस, पिसे आणि दोरा साथ धरतात. गरम पावसुद्धा साथ ओढून घेतो म्हणे, म्हणून पाव थंड करून द्यायचा. भट्टीत जन्मलेल्या फळीला याहून मोठा अपमान कोणता? पण पलीकडच्या साथ धरणाऱ्या वस्तूला जो शिवला, तो पलीकडचा झाला. मग तो लाटसाहेब असो वा हमाल, त्याने आत जायचे. एकदा एका मडमेचा पोपट अडकून पडला, कारण त्याला पिसे होती. पिंजरा मात्र लोखंडाचा, म्हणून तो त्याच दिवशी सुटला. रिकामा पिंजरा घेऊन मडम घरी गेली आणि पोपट मुदतभर आम्हाला इंग्रजीत शिव्या देत बसला. आता शहाणी माणसे सांगतात की खरी साथ उंदरांच्या अंगावरच्या पिसवा आणायच्या. उंदीर तर रोज दोरांवरून मजेत ये-जा करायचे! पण तेव्हा जे ठाऊक होते त्यावर माणसे जिवापाड पहारा देत होती, हेही विसरू नका.

अशी वर्षे सरली. स्पिरु केस पिकलेला, ओसरीवरचा मुख्य पहारेकरी झाला होता. शिस्तीचा असा की खलाशी त्याला 'तुरट लिंबू' म्हणायचे. त्याच सुमारास अलेक्झांड्रियाहून कापूस घेऊन एक जहाज आले. त्यावर विस्तिन नावाचा सुतार होता. तो निघाला तेव्हा त्याची मुलगी आंजला पाळण्यात होती. आता ती वर्षाची होणार होती. त्याची बायको चेन्सा मुलीला घेऊन भेटीला आली, सोबत विस्तिनची आई कात्रिन.

विस्तिन कठड्याशी धावत आला. समुद्राने काळाठिक्कर केलेला चेहरा आणि छातीपर्यंत दाढी. आंजलाने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि असा टाहो फोडला की ओसरीवरची सगळी माणसे वळून बघू लागली.

"अगं, बाबा आहे तुझा!" चेन्सा म्हणाली. पोरीने तोंड आईच्या खांद्यात खुपसले.

"दाढी काढ मेल्या," कात्रिन ओरडली. "मी जन्म दिलाय तुला, तरी मला भ्या वाटतंय."

सगळे हसले, विस्तिनही हसला. पण त्या दिवशी त्याने पाव घेतला आणि खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी दाढी काढून आला, तरी तेच. तिसऱ्या भेटीला तो स्पिरुला हळूच म्हणाला, "स्पिरुकाका, इतके महिने मी एकच विचार करत होतो. पोरगी मला बघून हसंल. बास, एवढंच. अन ती तर मला बघून रडतीये."

आमच्या बेटावर मूल वर्षाचे झाले की त्याच्यापुढे तबक मांडतात. त्यात कात्री, पळी, अंडे, जपमाळ अशा वस्तू ठेवतात. मूल जी उचलेल, तसे त्याचे आयुष्य जाते असे मानतात. आणि विस्तिनच्या घरात ते तबक बापानेच धरायची रीत होती.

"तबक त्यानंच धरायचं," कात्रिनने स्पिरुला बजावले. "माझ्या सासऱ्यानं धरलं, माझ्या नवऱ्यानं धरलं. तुझा कठडा आला म्हणून रीत मोडायची होय?"

"कात्रिनबाई, कठडा माझा नाही, सरकारचा आहे."

"मग सरकारला म्हणावं, ये माझ्या घरी अन समजावून सांग मला."

 चेन्सा नुसती स्पिरुकडे बघत होती. स्पिरुने मान वळवली, त्याची नजर माझ्यावर पडली आणि त्याचा चेहरा थोडा सैल झाला. मी लाकडाची होते. मी साथ धरत नव्हते. माझा दांडा विस्तिनच्या हातात, पाते आंजलाच्या पुढे, आणि मधे सरकारचा अख्खा कायदा. तबक म्हणून याहून चांगली वस्तू कुठे मिळणार होती?

वाढदिवसाच्या दुपारी ओसरीवर दुसरे कुणी नव्हते. स्पिरुने एकेक वस्तू तपासून घेतली. रंगीत फीत नाकारली. जपमाळेचा दोरा काढायला लावून मणी तारेत ओवून आणायला सांगितले होते, तसे कात्रिनने आणले होते, बडबडत का होईना. चेन्सा आंजलाला मांडीवर घेऊन कठड्याशी बसली. विस्तिनने पलीकडून माझा दांडा धरला. त्याचे हात सुताराचे, पण त्या दिवशी त्यांनी मला काचेसारखे जपून धरले होते. मी अलगद पुढे गेले आणि आंजलापुढे थांबले.

पोरगी रडली नाही! तिने कात्री पाहिली, अंडे पाहिले. पळीवर हात ठेवला आणि काढून घेतला. पलीकडे विस्तिनने श्वास रोखला होता. इतक्यात समुद्रावरून वाऱ्याची एक झुळूक आली. विस्तिनच्या बाहीला, जहाजातल्या गासड्यांतून आलेला, कापसाचा एवढासा पुंजका चिकटला होता. तो सुटला, माझ्या दांड्यावर पडला, तुरुतुरु घरंगळत पात्यावर आला आणि आंजलाने तो उचलून थेट तोंडात घातला.

"हात लावू नका!" स्पिरु ओरडला. पण पोरीला ठसका लागला होता आणि कात्रिनचे बोट केव्हाच तिच्या तोंडात गेले होते. तिने पुंजका बाहेर काढला, बोटावर धरून पाहिला आणि तिच्या ध्यानात आले.

"फुंकर मारते," ती दबक्या आवाजात म्हणाली. "कुणी पाहिलंय, स्पिरु? इथं आपणच आहोत."

पलीकडून विस्तिन कठड्यावर कोसळल्यासारखा वाकला. "काका, पाया पडतो. तिला आत आणू नका. आमच्यातला एकजण कालपासून तापलाय. काय ताप आहे कुणाला ठाऊक? मी शपथेवर सांगीन की काही नव्हतं. नुसता अंड्याच्या कवचाचा तुकडा होता म्हणून सांगीन!"

ज्या माणसाला मुलगी जवळ हवी होती, तोच तिला लांब ठेवा म्हणून विनवत होता. मला ते सोसवत नव्हते, आणि माझा दांडा तर अजून त्याच्याच हातात होता.

स्पिरु खाली बसला. मी त्याला इतक्या वर्षांत कामावर असताना बसलेले पाहिले नव्हते.

"माझ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं," तो म्हणाला. "साथीनं बंद पडलेल्या घरातली एक रेशमी शाल कुणीतरी स्वस्तात दिली. आईनं पेटीत लपवली. तेव्हाही कुणी पाहिलं नव्हतं, कात्रिनबाई."

कात्रिनने पुंजक्याभोवती मूठ मिटली. मग चेन्सा आंजलाला कडेवर घेऊन उठली. "कुठलं दार, स्पिरुकाका?" ती म्हणाली.

लाझारेटोच्या इंग्रज कप्तानसाहेबाला हे कळवले तेव्हा तो आधी हसला, एवढ्याशा कापसासाठी तिघीजणी आत? पण तापाचे नाव काढताच त्याचे हसू मावळले आणि त्याने मान डोलावली. आत कोंडलेल्यांवर एक पहारेकरी नेमायचा असे, आणि तोही त्यांच्यासोबत कोंडला जायचा. स्पिरुने स्वतःचेच नाव दिले. त्याच्या वयाच्या माणसाला हे काम कुणी सांगितले नसते. जाताना त्याने मला खांद्यावर टाकले.

"माझ्या कोंबड्या!" दार लागताना कात्रिनला आठवले. स्पिरुने होडीवाल्याकरवी शेजारणीला निरोप धाडला, तेव्हा कुठे ती आत गेली.

तिघींना आजाऱ्यापासून दूरची खोली दिली. मधे दगडी अंगण, आणि अंगणाच्या पलीकडे विस्तिन आणि त्याचे सोबती. डॉक्टर रोज लांबून बघायचा आणि मान हलवून जायचा. ते दिवस कठीण होते. चेन्सा रोज सकाळी पोरीच्या काखा आणि मान चाचपून बघायची, कारण साथीची गाठ तिथे येते. विस्तिन अंगणापलीकडून फक्त तिचा चेहरा वाचायचा. ती हसली की तो जेवायचा.

माझे काम मात्र तेच होते. स्पिरु माझ्यावर तेलात बुडवलेला पाव ठेवायचा आणि दारातून आत सरकवायचा. आंजला रांगत यायची. पहिल्या दिवशी घाबरत, मग हसत, मग माझी वाटच बघत. माझ्यावरचा पाव तिला हवा असायचा. आईने हाताने भरवला तर तोंड फिरवायची.

"हिला कापूस निवडायचा होता," कात्रिन ठासून सांगायची. "विणकरीण होणार. माझ्या आईवर गेलीय."

"भट्टीवाली होईल," स्पिरु म्हणायचा. "फळीवर जीव आहे तिचा."

तुरट लिंबू म्हणवणारा तो माणूस उंबऱ्याबाहेर बसून पोरीशी तासन्‌तास बोलायचा. तिच्या पहिल्या पावलांना त्यानेच लांबून टाळ्या वाजवल्या. त्या घरात तेव्हा भीती होती, पण आनंदही होता, आणि दोघे एकमेकांना अडवत नव्हते.

शेवटी डॉक्टर एके सकाळी लांब न थांबता सरळ आजाऱ्याच्या खोलीत गेला आणि हसत बाहेर आला. तो साधा हिवताप होता. गडी उठून बसला होता आणि सोबत्यांशी भांडत होता. पुढे मुदत सरली, पिवळे निशाण उतरले, अंगणातली फाटके उघडली.

विस्तिन धावत आला आणि अंगणाच्या मधोमध थबकला. समोर उंबऱ्यावर आंजला उभी होती, आईच्या झग्याआड अर्धी लपलेली. ती त्याच्याकडे बघत होती. तिचा ओठ थरथरू लागला. विस्तिनने पाऊल मागे घेतले. जहाजावरच्या वादळात पाय न डगमगलेला माणूस, पण आता त्याला एका वर्षाच्या पोरीची भीती वाटत होती.

स्पिरुने मला त्याच्यापुढे धरले. "घे. ती हिला ओळखते, तुला नाही."

विस्तिन तिथेच दगडावर बसला. त्याने माझ्यावर पावाचा तुकडा ठेवला आणि दांड्याच्या अगदी टोकाला धरून मला पुढे केले. आंजलाने मला पाहिले. ती दोन पावले आली, तुकडा उचलला आणि खाल्ला. विस्तिनने मला मागे घेतले, दुसरा तुकडा ठेवला. या वेळी त्याचे हात दांड्यावर थोडे पुढे सरकले होते. आंजला आली. तिसऱ्या वेळी आणखी पुढे. माझ्या उभ्या आयुष्यात माझा दांडा इतका हळू कधी आखूड झाला नव्हता. चेन्सा तोंडावर हात धरून उभी होती. कात्रिनसुद्धा गप्प होती, त्यावरून काय ते समजा.

मग असे झाले की त्याचे हात माझ्या पात्यापाशी आले आणि पाव संपला. आंजला रिकाम्या पात्याकडे बघत राहिली. तिने पात्यावर थोपटले. शेजारी एक मोठा, राठ अंगठा होता. तिने तो धरून पाहिला, उलटापालटा केला, आणि तोंडात घातला.

"चावतीये!" विस्तिन म्हणाला, आणि रडू लागला. मी त्याच्या हातातून खाली पडले.

मला दगडावर पडलेली सोडून सगळी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली. स्पिरुलाही कुणीतरी ओढून घेतले. कितीतरी वर्षांत त्याला कुणी मिठी मारली नव्हती. मला उचलून, धुऊन जागेवर ठेवायचे त्या दिवशी कुणाच्या लक्षातच आले नाही, आणि मला त्याचे जराही वाईट वाटले नाही.

म्हणून मित्रांनो, एक मागणे आहे. माझ्यासारखी जुनी फळी कुठे दिसली तर तिला वर्षातून एकदा तेलाचे बोट लावा, तेवढे पुरे. पण कधी आपल्या माणसापासून लांब उभे राहायची वेळ आली, तर रिकाम्या हाताने उभे राहू नका. दांडा लांब असू द्या, पण त्यावर काहीतरी ठेवून पलीकडे पाठवा. आणि ती वेळ सरली, की तो दांडा हातातून सोडून द्या. आम्ही खाली पडलो तरी आम्हाला लागत नाही.